हशा नेमका कुठे पिकतो?

विन्याचं नेहमीचं टुमणं. "बातम्यांची टिंगल करायला काय लागतं? चार लेखक आणि एक कोट."

सुध्या उसळलाच. "लेखक नंतर. आधी जुन्या क्लिपांचं दफ्तर लागतं! अमेरिकेतला 'द डेली शो' बघ, बातम्यांची टिंगल करणारा. जॉन स्टुअर्ट १९९९ मध्ये सूत्रधार म्हणून आला, तेव्हापासून त्यांचा हुकमी एक्का एकच. नेत्याची आजची क्लिप, तिला चिकटून त्याचीच जुनी, बरोब्बर उलटं बोललेली. मग कॅमेरा स्टुअर्टवर. तो गप्प. हशा त्या गप्प बसण्याला पिकतो."

"जुनी सापडते कशी?"

"चॅनेलं रेकॉर्ड करून ठेवायची. तिकडे बातम्यांसोबत कर्णबधिरांसाठी शब्दपट्टी येते. तिचा मजकूर साठवायचा आणि शब्द टाकून शोधायचं. गोची अशी की थेट प्रक्षेपणात पट्टी बोलण्याच्या काही सेकंद मागे असते आणि नावांचं पार भजं होतं. म्हणून कात्री लावायची ती आवाज ऐकूनच. 'पण'च्या आधी वाक्य तोडलं की हशा दुप्पट, फक्त ती लबाडी. एकदा पकडलं गेलं की पुढच्या खऱ्या क्लिपवरही कोणी विश्वास ठेवत नाही."

(यात माझी एक भर: प्रेक्षक हसायच्या ऐवजी टाळ्या वाजवायला लागले की विनोद फसला म्हणायचं. ते फक्त 'आपलाच माणूस' म्हणून दाद देत असतात.)

"पण शेवटी वाफच ना?" दीपा म्हणाली. "हसले, झोपले."

"स्टुअर्टच्याच जुन्या सहकाऱ्याचं, स्टीफन कोल्बेअरचं काय मग? २००५ पासून तो स्वतःच्या कार्यक्रमात कडव्या उजव्या निवेदकाचं सोंग घेऊन बसायचा. आपला सोंगाड्याच, फक्त टाय लावलेला. २०११ मध्ये त्यानं तिथल्या निवडणूक आयोगाकडून रीतसर मंजुरी घेऊन खरीखुरी सुपर पॅक, म्हणजे निवडणुकीत पैसा ओतणारी समिती काढली. अशा समितीला देणग्या हव्या तेवढ्या घेता येतात, मुख्य अट: उमेदवाराशी संगनमत नको. जानेवारी २०१२ मध्ये उमेदवारीची हूल द्यायची होती, तेव्हा समिती दिली कोणाला? स्टुअर्टला! कॅमेऱ्यासमोर, शेजारी वकील. तो वकील आयोगाचा माजी अध्यक्ष. कागदावर सह्या झाल्या आणि दोघांनी संगनमत करणार नाही म्हणून सांगितलं. कायद्यातलं भोक त्यांनी समजावून सांगितलं नाही, त्यातून चालत जाऊन दाखवलं."

विन्या पहिल्यांदाच गप्प. मग म्हणाला, "पैशांचं काय झालं?"

"निवडणुकीनंतर समिती गुंडाळली. उरलेले पावणेआठ लाख डॉलर धर्मादाय संस्थांना."

"आणि भोक?" दीपा.

"ते आहे तिथेच."

"बघ!" म्हणत तिनं सुध्याच्या पुढ्यातला कटिंग उचलला.