थंडीत धावताना पाणी नको? हे चुकीचं आहे

‘थंडीत घाम येत नाही, म्हणून धावताना पाणी प्यायची गरज नाही,’ असा मेसेज धावणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. कृपया तो पुढे पाठवू नका. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तहान कमी जाणवते. घाम मात्र येतोच. कोरड्या हवेत तो लगेच वाळतो. डिसेंबरात पुण्यात पहाटे 20 किलोमीटर धावून आले की माझ्या काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे ओघळ दिसतात, ते घामाचेच. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला जाणाऱ्यांनी तर हे मुळीच मानू नका. तिथली हवा दमट, आणि परतीला पेडर रोडचा चढ येईपर्यंत ऊन चढलेलं असतं. मात्र एकदम लिटरभरही पिऊ नका. अती पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं. घोट घोट प्या.