गालातली गाठ आणि तीन इंजेक्शनं : ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, रागावलात ते बरंच झालं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भाचीच्या गालात तीनदा इंजेक्शन दिलं, गाठ आहेच, वर औषध निघालं कॅन्सरचं. शेजारच्या बाळाचा हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) नुसत्या प्यायच्या औषधाने गेला. मग हिची गाठ एकदाच कापून का टाकत नाहीत? डॉक्टरांचं मीटर चालू राहावं म्हणून?

आधी माझी चूक. अशा गाठींवरच्या इंजेक्शनांबद्दलच्या मागच्या लेखात मी ‘बिनटाक्यांचा इलाज’ असं लिहून गेलो. वाचणाऱ्याला वाटणारच, सुई टोचली की गाठ गेली. तसं नसतं. भाचीची गाठ म्हणजे शिरांची गुंतवळ, स्पंजासारखी, कप्प्याकप्प्यांची. औषध शिरेचं आतलं अस्तर जाळतं, रक्त गोठतं, मग शीर हळूहळू आकसते. एका बैठकीत सगळे कप्पे भरत नाहीत. पहिले काही दिवस गाल उलट जास्तच सुजतो. आणि काही वर्षांनी गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

बाळाचं प्रकरण वेगळं. हिमॅन्जिओमा जन्मानंतर भराभर वाढतो आणि पुढे आपणहून ओसरतो. प्रोप्रॅनोलॉल हे प्यायचं औषध त्यावर चालतं, हे 2008 मध्ये कळलं. भाचीच्या शिरा जन्मतःच तशा घडलेल्या. 1982 मध्ये मुलिकन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी हे दोन प्रकार वेगळे केले, तरी फायलींवर अजून सरसकट ‘हिमॅन्जिओमा’च लिहितात. (आमचीच मंडळी!)

आता कापण्याचं. मी जबड्याचाच सर्जन, मला कापायचा कंटाळा नाही. दात आवळून कानाच्या खाली-पुढे बोट ठेवा. जो स्नायू टणक लागतो, त्याच्याच आत ही गाठ पसरलीय. त्याच्यावरून चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या आणि लाळेची नळी जाते. तिथे रक्त उसळलं की ते आवरायचं की नस सांभाळायची? नस दुखावली तर हसताना ओठ वाकडा. गाठ लहान, एका जागी असेल तर मीही कापतो.

इंजेक्शनातलं ब्लिओमायसिन हे औषध कॅन्सरचंच, खरं आहे. इथे डोस थोडा असतो, पण फुफ्फुसांना धोका एकूण बेरजेचा, म्हणून तिन्ही वेळचे आकडे फायलीत आहेत का बघा. इंजेक्शननंतरच्या दिवसांत अंग खाजवू देऊ नका, चिकटपट्टी ओरबाडून काढू नका. तिथे काळे पट्टे उमटतात.

मीटरबद्दल भांडत नाही. चौथ्या बैठकीआधी नवा एमआरआय मागा, पहिल्याशेजारी ठेवायला सांगा. आणि भाचीला विचारा, वाकल्यावर गाल पूर्वीइतकाच फुगतो का, भाकरी चावताना अजून तेवढंच दुखतं का?