काटा पाचवर आला म्हणून इंजिन उतरवू नका

ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या गाडीवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातल्या एकाने वर 'काका, तुमच्यासाठीच लिहिलंय' असंही जोडलं होतं. मजकूर थोडक्यात असा: जुन्या स्पोर्ट्स कारचं ऑइल प्रेशर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) २० पाउंडांच्या (चौरस इंचाला) खाली आलं की क्रँक ज्यांवर फिरतो ती बेअरिंगं गेली, इंजिन उतरवा. तोवर जाड ऑइल घाला. जादा प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर टाकलात तर गेलेलं प्रेशर परत येतं. प्रेशर जितकं जास्त तितकं इंजिन निरोगी. वळणावर काटा पडला तर पंप गेला. आणि काटा शून्यावर आला तर गाडी तिथल्या तिथे बंद करा.

सहा वाक्यं. शेवटचं बरोबर आहे. पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवून मी २०१८ साली एक धडधाकट इंजिन खोललं होतं, म्हणून हा खटाटोप.

माझी गाडी एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, साठच्या दशकातली, १७९८ सीसी, पाच बेअरिंगांचं इंजिन. तिच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये गरम इंजिनाचं प्रेशर दिलंय: धावताना ५० ते ८० पाउंड, आयडलला १० ते २५. म्हणजे आयडलला १४ दाखवणारी एमजीबी कारखान्याच्या हिशेबाने ठणठणीत, आणि मेसेजच्या हिशेबाने मेलेली. उलट पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला १००० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) २८ ते ४३ पाउंड हवेत, तिथे १४ दिसले तर खरंच काळजी करायची. हवेवर थंड होणाऱ्या पोर्शे ९११ वाल्यांचा ढोबळ आडाखा दर हजार आरपीएमला १० पाउंड असा आहे. सगळ्या 'जुन्या स्पोर्ट्स कार'ना मिळून एकच आकडा कुणी सांगत असेल, तर त्याने यातली एकही मॅन्युअल उघडलेली नाही.

शिवाय आयडल म्हणजे किती? पंप कॅमशाफ्टवरून फिरतो, इंजिन हळू तर पंप हळू. एसयू कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा सैल झाला आणि आयडल ९०० वरून ६०० वर आलं, तर काटा खाली येणारच. आरपीएम न सांगता आयडलचं प्रेशर सांगणं म्हणजे वजन न सांगता भाव सांगणं.

आणि गरम म्हणजे किती गरम? २०डब्ल्यू-५० ऑइल ४० अंशांना असतं त्यापेक्षा १०० अंशांना साधारण आठ-नऊपट पातळ होतं. रविवारी सकाळी साडेसहाला नौपाड्यातून निघून घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत गेलो की तिथे आयडलला माझा काटा २० च्या आसपास असतो. तीच गाडी मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता तीन हात नाक्याच्या सिग्नलला चौथ्यांदा थांबली, की १३. इंजिन तेच, ऑइल तेच. पाण्याचा काटा दहा मिनिटांत मध्यावर येतो, ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. पाणी गरम झालं म्हणून घेतलेलं रीडिंग कुणाला पाठवू नका, किमान अर्धा तास गाडी चालवा.

आता २०१८. माझा काटा गरम आयडलला ५ वर येऊन बसायला लागला. तेव्हा हा मेसेज नव्हता, पण हीच समजूत होती. ज्या गॅरेजात गेलो तिथल्या मिस्त्रींनी काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हाफ इंजिन काम निघणार." म्हणजे इंजिन खोलून बेअरिंगं बदलणं. मी मान डोलावली. त्यांना दोष देत नाही, मान माझी होती. इंग्लंडहून शेल (बेअरिंगच्या पातळ अर्धगोल पट्ट्या) मागवल्या, कस्टम भरली, गाडी सात आठवडे जॅकवर. जुन्या शेल हातात आल्या तेव्हाच पोटात गोळा आला. एकसारख्या राखाडी. या शेलमध्ये वरच्या राखाडी थराखाली तांबूस थर असतो. झीज झाली की आधी तो डोकावतो. इथे तांब्याचा टिपूस नव्हता. नव्या शेल बसवून इंजिन चालू केलं, गरम केलं, काटा ५ वर.

मग कुठे वागळे इस्टेटमधल्या एका हायड्रॉलिक होजच्या दुकानातून १०० पाउंडांचं साधं मेकॅनिकल गेज, होज आणि फिटिंग करून आणलं आणि थेट इंजिन ब्लॉकच्या ऑइल गॅलरीला, म्हणजे ऑइलच्या मुख्य वाटेला लावलं. आयडलला १७. तीन हजारांवर ६०, तेव्हा डॅशबोर्डवरचं ४८ दाखवत होतं. दोन्हीकडे फरक १२ चा. फरक सगळीकडे सारखाच राहतो म्हणजे इंजिनाला काही झालेलं नाही, काटाच आपल्या दांडीवर सरकून बसलाय. मग गाडी बंद असताना तो शून्याखाली का दिसला नाही? कारण शून्यापाशी एक बारीक खिळा असतो आणि काटा त्याला टेकून थांबतो. प्रेशर नसताना खोटा काटा आणि खरा काटा अगदी सारखे दिसतात.

ही गोष्ट मेकॅनिकल मीटरची, जिथे बारीक नळीतून ऑइल थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. इलेक्ट्रिक मीटर असेल तर इंजिनावरचं सेंडर युनिट, वायर, अर्थ, सगळेच संशयित. वायर तुटली तर बनावटीप्रमाणे काटा एका टोकाला जातो, ग्राउंडला चिकटली तर दुसऱ्या. क्षणात ६० वरून शून्य आणि परत ६० असा नाचणारा काटा बहुतेक वेळा विजेचा असतो. आणि नव्वदीच्या मध्यानंतरच्या एमएक्स-५ मध्ये तर काटा मोजतच नाही. मागे एक साधा स्विच असतो, थोडंसं प्रेशर आलं की काटा मध्यावर जाऊन उभा. त्या गाडीचा मालक 'माझं प्रेशर दगडासारखं स्थिर आहे' म्हणून फुशारकी मारतो, तेव्हा मी चहा पितो.

तेव्हा पहिलं काम टेस्ट गेज. फक्त आटे तपासून घ्या. एक अष्टमांश इंची मापात ब्रिटिश पद्धतीच्या बीएसपीचे इंचाला २८ आटे असतात, अमेरिकी एनपीटीचे २७. एकात दुसरं दोन फेरे गोडीगुलाबीने जातं आणि मग ब्लॉकच खातं. आणि टेस्टची होज केबिनमध्ये आणू नका, गरम ऑइल मांडीवर नको.

जाड ऑइलकडे वळू. प्रेशर म्हणजे पंपाने ढकललेल्या ऑइलला वाटेत होणारा अडथळा. ऑइल जाड केलं की अडथळा वाढतो, काटा वर जातो आणि झीज जिथे होती तिथेच राहते. २०डब्ल्यू-५० आपल्या हवेत या इंजिनाला योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यावर घट्ट करणारं ॲडिटिव्ह ओतणं ही गाडी विकणाऱ्याची युक्ती आहे, वापरणाऱ्याची नव्हे. जुनी गाडी बघायला गेलात आणि गरम आयडलला काटा संशयास्पद उंच दिसला, तर डिपस्टिक काढून थेंब बोटांत चोळून पाहा, मधासारखी तार सुटते का. उलट बाजूही तपासा. कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची सुई नीट बसत नसेल किंवा चोक ओढून सोसायटीच्या गेटपासून भाजीबाजारापर्यंतच गाडी फिरत असेल, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं. डिपस्टिकचा वास घ्या. मेसेजने बेअरिंगांना फाशी दिलेल्या कितीतरी गाड्या नुसतं ऑइल बदलून सुटतील.

वॉशरची युक्ती मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती करणाऱ्याला व्हॉल्व्हचं काम माहीतच नसतं. रिलीफ व्हॉल्व्ह ही वरची मर्यादा आहे. प्रेशर ठरलेल्या पातळीवर पोचलं, एमजीबीत ७० च्या आसपास, की तो उघडतो आणि जादा ऑइल परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये सोडतो. गरम आयडलला १३ पाउंडांवर तो बंदच असतो. बंद दाराला आणखी एक कडी लावून घरात माणसं वाढत नाहीत. वॉशरने वाढेल ते थंड इंजिनाचं, जास्त आरपीएमचं प्रेशर, म्हणजे जिथे कमी नव्हतं तिथलं. अपवाद एकच: व्हॉल्व्हखाली कचरा अडकून किंवा बैठक झिजून तो कायम गळत असेल तर आयडललाही फरक पडतो. त्यावर इलाज व्हॉल्व्ह काढून साफ करणं, स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी ताडून पाहणं. पाना लावून थोड्या वेळात होणारं काम आहे, इंजिन उतरवण्याआधी करावं.

'जास्त तितकं निरोगी' हेही यातच निकालात निघालं. सकाळी थंड इंजिनावर ८० दिसणं ठीक. पण पूर्ण गरम झाल्यावर तीन हजारांना ९५ दिसत असतील, तर व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलाय. तेव्हा आधी फिल्टरचं सील हार मानतं आणि ऑइल रस्त्यावर येतं.

वळणावर काटा पडतो त्याचं कारण बहुतेकदा फार गरीब असतं: ऑइल कमी आहे. लांब वळणावर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जातं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, काटा झुकतो. पातळी डिपस्टिकवर बघा, पण सपाट जागी. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला उतार आहे, तिथे माझी गाडी कायम भरलेली दिसते. पातळी पूर्ण असूनही पडत असेल तर पंपाच्या जाळीकडे संशय न्यावा. मेसेजमध्ये नसलेली एक भीतीही मिटवतो. उशिराच्या एमजीबींमध्ये फिल्टर उलटा, तोंड खाली करून बसतो. त्यात ऑइल अडवणारा व्हॉल्व्ह चांगला नसेल तर रात्रभरात तो रिकामा होतो आणि सकाळी काटा काही सेकंद उशिरा उठतो. पंप बदलू नका, फिल्टर बदला.

बेअरिंगं कधीच जात नाहीत असं मी म्हणत नाही. जातात, आणि गेली की हिशेब वाईट असतो. फटीतून निसटणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, दीड थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट तीन थाऊ झाली की गळती आठपट. पण ती चोरपावलांनी येते. टेस्ट गेजवर, त्याच ऑइलवर, त्याच आरपीएमला, महिन्यामागून महिना आकडा उतरत जातो. ॲक्सिलरेटर दाबताना खालून खोल ठोका ऐकू येतो. फिल्टर कापून कागद पसरला की त्यात तांबूस चकचक दिसते. यातलं दोनदा काही दिसलं तर खुशाल इंजिन उतरवा, मी हात लावायला येईन. आयडलला कमी पण तीन हजारांना ठीक असेल तर अजून वेळ आहे. दोन्हीकडे कमी असेल तर आधी व्हॉल्व्ह, जाळी, पंप.

राहिलं शेवटचं वाक्य. काटा अचानक शून्यावर आला आणि तिथेच राहिला, तर मुंब्रा बायपासवर असलात तरी क्लच दाबा, चावी फिरवा, गाडी कडेला घ्या. मीटर खोटं आहे की नाही ही चर्चा टोइंगवाल्याची वाट बघताना करता येते.

टेस्ट गेज माझ्याकडे आहे, नौपाड्यात. सध्या वाशीच्या एका मित्राकडे गेलंय, त्याच्या मिस्त्रींनीही कालच हाफ इंजिन काम सांगितलंय. रविवारी परत येईल.