३६८ फुटांची तहान

गेल्या रविवारी एक लॅब्राडॉर माझ्या डोळ्यांदेखत वाडगाभर पाणी प्यायला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने निदान एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं तरी. राग आहे तो त्याच्या मालकावर, आणि आज गुरुवार उजाडला तरी उतरलेला नाही.

इंग्लंडमधल्या रेडिंगहून निघायचं, कॅव्हर्शम, सॉनिंग कॉमन, स्टोक रो, चेकेंडन, वुडकोट करत व्हिटचर्चच्या उतारावरून टेम्सकाठी यायचं आणि पँगबर्नमार्गे घर गाठायचं, असा पंचेचाळीसेक किलोमीटरचा फेरा मी अधूनमधून सायकलवर मारतो. ॲपमध्ये त्याच्यापुढे 'मॉडरेट' असं लिहिलंय. या देशात गुडघाभर पाणी साचलं तरी 'जरा दमट आहे नाही हवा' म्हणतात, हे लक्षात ठेवून तो शब्द वाचावा. इथल्या चिल्टर्न टेकड्यांचे चढ आपल्या घाटासारखे समोर उभे राहून दम देत नाहीत. ते बीच वृक्षांच्या झाडीत दडून बसतात आणि तुम्ही मोठा गियर टाकलात की बाहेर येतात.

त्यात एका खड्ड्यात माझी पाण्याची बाटली उडाली आणि मागून येणाऱ्या गाडीखाली गेली. उरलेल्या दुसऱ्या बाटलीत दोन घोट होते, ते मी दुःखाच्या भरात तिथेच पिऊन टाकले. पाकीट घरी, पैसे फोनमध्ये, आणि फोन रस्ता दाखवून दाखवून मेलेला. डोक्यावर तांबड्या घारी घिरट्या घालत होत्या. १९८९ पासून काही वर्षं स्पेनमधून पिल्लं आणून या टेकड्यांत सोडली, म्हणून आज त्या इथे इतक्या दिसतात. उत्तम काम झालं. पण पाणी संपलेल्या, चाळिशी उलटलेल्या माणसावर त्यांनी इतका वेळ लक्ष ठेवू नये.

एका घरापुढे एक बाई टांगलेल्या फुलांच्या टोपल्यांना नळीने पाणी घालत होत्या. मी अदबीने बाटली पुढे केली. त्या इतक्या हळहळल्या की मलाच वाईट वाटलं. म्हणाल्या, "हे बाहेरच्या नळाचं आहे हो, पिण्याचं आहे की नाही मला खात्री नाही. तुम्हाला काही झालं तर?" घरात आतला नळ असणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. त्यांनी पिटुनियाला पाणी घातलं आणि मी निघालो.

तर अशा अवस्थेत मी स्टोक रोला पोचलो, आणि तिथे काय आहे? विहीर! घुमटाखाली, लोखंडी खांबांच्या मधोमध, रहाटावर सोनेरी हत्ती असलेली विहीर. बनारसच्या महाराजांनी या गावाला बांधून दिलेली. तोंड अर्थातच बंद. मी सायकल टेकवून बाकावर बसलो, आणि तो आला. मोहरीच्या रंगाची कॉर्डरॉयची विजार, डोक्यावर टोपी, हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला लॅब्राडॉर.

"कुठले तुम्ही?"

"रेडिंगचा."

"नाही, म्हणजे मूळचे?"

हा प्रश्न येणार म्हणून मी उत्तर खिशात तयारच ठेवतो. "सातारा जिल्हा. माण तालुका."

"बनारसच्या जवळ?"

"हजारावर किलोमीटर लांब."

"हां, म्हणजे त्याच बाजूला," असं म्हणून तो शेजारी बसला आणि त्याने मला भारत सांगायला सुरुवात केली.

सांगत छान होता, हे कबूल केलं पाहिजे. या टेकड्या खडूच्या, पाणी धरून ठेवत नाहीत. उन्हाळ्यात डबकी आटायची, लोक मैलोन् मैल पायपीट करायचे. जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड अँडरडन रीड तिकडे बनारसकडे मोठे अधिकारी होते. त्यांनी महाराजांना एकदा गावाकडची गोष्ट सांगितली, की घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला त्याची आई मारत होती. महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांनी ती ध्यानात ठेवली आणि पुढे विहिरीसाठी पैसे दिले. चार फूट रुंद आणि ३६८ फूट खोल, सगळी हातांनी खणलेली. १८६४ साली, राणीच्या वाढदिवशी सुरू झाली.

"विचार करा," तो म्हणाला, "पाणी प्यायलं म्हणून मार! तुम्हाला कल्पना येते का?"

मला? मी माणचा आहे. टँकर गावात आला की शाळा सुटायची आमची. मडक्यातलं पाणी विचारल्याशिवाय घेतलं म्हणून आईने पाठीत घातलेला धपाटा मी अजून तारीखवार सांगू शकतो. पण जीभ टाळूला चिकटली होती, म्हणून मी नुसतीच मान हलवली. त्याला वाटलं, मी भारावलो.

मग त्याने खांद्यावरच्या पिशवीतून घडीचा रबरी वाडगा काढला. मग बाटली काढली. लिटरची, गच्च भरलेली, बाहेरून घाम आलेली. मी सरसावून बसलो. त्याने वाडगा काठोकाठ भरला आणि कुत्र्यापुढे ठेवला.

"बिचारा," तो म्हणाला, "फार उकडतंय त्याला."

लॅब्राडॉरचं पाणी पिणं ही ऐकायची गोष्ट आहे. लपक-लपक-लपक. अख्ख्या ऑक्सफर्डशरला ऐकू जावं असं. म्हातारा त्या तालावर दुष्काळाचं वर्णन करत होता. मी माझी रिकामी बाटली एकदा उघडली, उलटी केली, झटकली, पुन्हा बंद केली. यापेक्षा जास्त अभिनय मला येत नाही. त्याने ते बघितलं आणि म्हणाला, "सुंदर बाटली आहे. हलकी असते का हो?"

कुत्र्याने दोन घोट ठेवले. ते म्हाताऱ्याने गवतावर ओतले, वाडगा झटकला, घडी घातली, आणि उठून माझा हात हातात घेतला. "तुमच्या लोकांचे आमच्यावर फार उपकार आहेत," तो म्हणाला. खरंच मनापासून. आणि मी, बनारस संस्थानाच्या वतीने, "त्यात काय एवढं" म्हणालो.

मागायचं होतं ना सरळ, असं बायको म्हणते. तिचं बरोबर आहे. पण पाणी मागायचं नसतं, विचारायचं असतं, हे माझ्या हाडात बसलंय. आमच्याकडे मेंढरं घेऊन आलेला असो की वसुलीला आलेला असो, आधी तांब्या. पुढच्या चढावर हे सगळं मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात ठणकावून सांगत होतो, आणि मध्येच गप्प झालो. तांब्या सगळ्यांना होता. पण काहींना तो अंगणाच्या कडेला, वरून, ओंजळीत मिळायचा. महाडच्या तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साली बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. पुढचं भाषण मग जमेना. असो. चढ संपला नाही तो नाहीच.

अखेर पाणी मिळालं ते एका चर्चच्या आवारात. थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतो, हे इथल्या सायकलवाल्यांचं जुनं गुपित. मी ओणवा होऊन, हेल्मेटसकट, त्या नळाला तोंड लावलं. एवढ्यात फाटकाबाहेर एक गाडी करकचून थांबली. मागच्या खिडकीतून ओल्या तोंडाचा लॅब्राडॉर. पुढची काच खाली आली.

आठवलं बरं याला, असं वाटून माझा राग भर्रकन उतरला. तोंड पुसत मी फाटकापर्यंत गेलो.

"बरं झालं सापडलात," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "एक सांगायचंच राहिलं. सेंट पॉल्स कॅथीड्रल आहे ना, ते अख्खं त्या विहिरीत उतरवलं तरी वर दोनतीन फूट उरतील!"