'गच्चीवरची बाई' आणि कोंबडीखत : एका प्रतिक्रियेला उत्तर

'मातीचा माणूस' या नावानं लिहिणाऱ्या सद्गृहस्थांची प्रतिक्रिया आली आहे. मूळ लेखात मी म्हटलं होतं की ताजं कोंबडीखत घातलं की मुळा, गाजर, बीट, बटाटा यांचा पाला माजतो आणि खाली कंदाची प्रत बिघडते. त्यावर त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गाजराला फाटे फुटतात ते काळ्या जमिनीतल्या ढेकळांमुळे, खताला कशाला दोष देता, ते स्वतः इंदूरजवळच्या देपालपूरकडे बटाट्याला कोंबडीखत देतात आणि उत्पन्न वाढतं, शिवाय डीएपी या रासायनिक खतापेक्षा ते स्वस्त पडतं. इथवर ठीक होतं. पण प्रतिक्रियेची सुरुवातच अशी आहे : "ताई, गच्चीवरच्या चार कुंड्यांच्या भरवशावर शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नका."

साहेब, आपण वयानं मोठे असाल तर नमस्कार, लहान असाल तर आशीर्वाद. नाव लपवल्यामुळे काय द्यावं ते कळायला मार्ग नाही.

चार कुंड्या म्हणालात. इंदूरच्या राजेंद्रनगरात राहते म्हणून गच्चीवर कुंड्या आहेत, हे खरंच. पण माझं माहेर महूच्या बाजूचं, आणि आमच्या घरी बटाटा पिकत होता तेव्हा 'सेंद्रिय' हा शब्द कुणी छातीवर मिरवत नव्हतं. बटाटा निवडायला बायकांच्या ओळीत मीही बसलेली आहे. बाबांबरोबर चोइथराम मंडीत गेलेली आहे. तिथे आडत्या काय करायचा, ते तुम्हाला ठाऊक असेलच, पण ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. गोणीत खोलवर हात घालून तो तळातला बटाटा काढायचा, अंगठ्यानं साल चोळायचा, मग चाकूनं मधोमध कापून दोन्ही फोडी एकमेकींवर घासायचा. पाणी सुटलं की तोंड वाकडं. सालीवर खपल्या दिसल्या की भाव पडला, मग तुम्ही काहीही सांगा. तेव्हा प्रत म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

आणि कोंबडीखताचंच म्हणाल तर तेही घरचंच उदाहरण आहे. एका वर्षी कुणाच्या तरी सल्ल्यानं बाबांनी एका पोल्ट्रीवरून ट्रॉली आणली. शेड नुकतीच झाडलेली, खाली अंथरलेलं तूस तसंच ओलं, जवळ गेलं की डोळ्यांतून पाणी. लागवडीच्या तोंडावर ते पसरलं. पाला असा काही आला की येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. काढणीला बटाटे मोठेही निघाले, नाही म्हणत नाही. पण पाला वाळायचं नाव घेत नव्हता, कंद उशिरा तयार झाले, सालीवर जागोजागी खरखरीत खपल्या, आणि आईनं उन्हाळ्यात घातलेला कीस तळला की लालसर व्हायचा. शेजारच्या शेतात तीच जमीन, तेच 'ज्योती' जातीचं बियाणं, खत मात्र शेणाचं. त्यांचा कीस पांढराशुभ्र. हे मी गच्चीवरून पाहिलं नाही.

आता कारण. शेणखतात नत्र, म्हणजे नायट्रोजन, साधारण अर्धा टक्का असतो, कोंबडीखतात तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सहापट. त्यातही कोंबडीच्या विष्ठेतला बराचसा नत्र यूरिक आम्लाच्या रूपात असतो आणि ओल मिळताच त्याचा झपाट्यानं अमोनिया होतो. डोळ्यांतून पाणी येतं ते त्यामुळे, आणि कोवळी मुळं जळतात तीही त्यामुळे. गाजराचं मुख्य मूळ टोकाशी जळालं की बाजूनं दुसरं निघतं, तोच फाटा. तुमच्या ढेकळांवर मी सवडीनं लिहीन. नत्र जास्त झाला की झाड पाला वाढवत बसतं, कंद भरायचं काम मागे पडतं. बटाट्यात घनपदार्थ कमी आणि पाणी जास्त. मुळा आणि बीट तर उरलेला नत्र नायट्रेटच्या रूपात साठवून ठेवतात. आपल्या माळव्याच्या बटाट्याला वेफर्सवाले बाहेरून येऊन मागणी करतात ती कशासाठी? त्यात साखर कमी, म्हणजे तळताना लाल होत नाही, आणि घनपदार्थ जास्त, म्हणून. मंडीत एलआर नि चिप्सोना या वेफर्सच्या जातींचा भाव विचारून या.

खपल्यांचंही ऐका. स्कॅबच्या, म्हणजे या खपल्यांच्या रोगाच्या, जंतूला चुनखडीची, अल्कधर्मी जमीन मानवते. आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) आधीच साडेसात-आठच्या घरात. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात टरफलासाठी भरपूर कॅल्शियम घातलेलं असतं, त्यातलं बरंचसं विष्ठेतून बाहेर पडतं. म्हणजे चुन्याच्या जमिनीत तुम्ही आणखी चुना ओतताय, आणि वर मला विचारताय की खताला कशाला दोष देता.

"उत्पन्न वाढतं" म्हणता. वाढेलच की! मी वजनाबद्दल लिहिलंच नव्हतं. लेख वाचून प्रतिक्रिया द्यायची पद्धत असते, निदान आमच्याकडे.

एक मात्र मान्य करते. कोंबडीखतात स्फुरद (फॉस्फरस) चांगला असतो, पालाशही (पोटॅश) असतो, आणि पैशाच्या हिशेबात ते डीएपीपेक्षा परवडतं. यात वाद नाही. वाद फक्त ते कच्चं, न कुजवता घालण्याचा आहे.

आणि कच्चं घालू नका हे सांगायला इंदूरात बसून मला लाज वाटते, कारण जगाला हे याच गावानं शिकवलं. 1924 ते 1931 अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ इथल्या संशोधन संस्थेत होते, होळकरांनी दिलेल्या जागेवर. त्यांच्या जोडीला यशवंत वाड होते, आपलाच मराठी माणूस, ज्याचं नाव कुणी घेत नाही. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, राख, सगळं थरांनी रचायचं, ओल राखायची, वेळोवेळी पलटायचं. तीनेक महिन्यांत खत तयार. जगभर त्याला 'इंदूर पद्धत' म्हणतात. आणि आपण मात्र शेडमधून ट्रॉली भरायची नि थेट सरीत ओतायची.

कोंबडीखतालाही हेच लागू आहे. त्यात नत्र फार आणि काडीकचरा कमी, म्हणून सोयाबीनचं कुटार किंवा गव्हाचा भुसा भरपूर मिसळा, ओल ठेवा, ढीग आतून तापू द्या. पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस राहिला तर साल्मोनेलासारखे जंतूही मरतात. गाजर-मुळा आपण कच्चा खातो, हे विसरू नका. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत तर कच्चं खत आणि मातीला टेकणाऱ्या भाजीची काढणी यांत किमान 120 दिवसांचं अंतर सांगितलं आहे. आपला मुळा दीड महिन्यात ताटात येतो. हिशेब तुम्हीच करा, तुम्ही मातीची माणसं. त्याहून सोपं म्हणजे खत पावसाळ्यात मक्याला द्या आणि त्याच रानात थंडीत गाजर घ्या. मक्याला नत्राची भूक असते, उरलेलं गाजराला पुरतं.

प्रतिक्रियेच्या शेवटी "फुकटात लिहिता म्हणून लोक वाचतात" असंही एक वाक्य आहे. त्याला उत्तर देत नाही. प्रतिक्रिया काढलेली नाही, वर जशीच्या तशी आहे, शुद्धलेखनासकट. पुढच्या वेळी खऱ्या नावानं लिहा आणि तुमच्या शेतातला बटाटा कापून त्याचा फोटो टाका. सालीसकट.