‘सगळे मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच करा’ : अंदमानच्या या सल्ल्यात पैसेही वाचत नाहीत

दिवाळी जवळ आली की अंदमानला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास येतो. त्याचा मथितार्थ असा : अंदमान कमी खर्चात करायचं असेल तर सगळ्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये काढा, हॅवलॉक आणि नील ही बेटं सकाळी जाऊन संध्याकाळी परत या पद्धतीने उरका, कारण बेटांवरची हॉटेलं लुटतात. तिथे राहायचाच हट्ट असेल तर थेट समुद्राला लागून असलेली झोपडी घ्या, म्हणजे दारातच पोहता येतं. नीलला दोन तास पुरेत. आणि आगाऊ बुकिंग अजिबात करू नका, जेटीवर उतरून घासाघीस केली की निम्म्या भावात खोली मिळते.

मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण या सल्ल्यावर विसंबून लोक आयुष्यात एकदाच जमणारी सहल धावपळीत घालवतात आणि वर जास्त पैसेही मोजतात, हे मला मनापासून खटकतं. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेते. (पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम आहे, हॅवलॉक आणि नील 2018 पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. बोलण्यात आणि बोटीवाल्यांच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत, म्हणून इथेही तीच वापरते.)

आधी पैशाचं बघू. मेसेजमधली तुलनाच मुळात चुकीच्या दोन गोष्टींची आहे. एका बाजूला पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजाराजवळच्या गल्लीतलं साधं लॉज आणि दुसऱ्या बाजूला हॅवलॉकचं समुद्रकाठचं रिसॉर्ट. अशी तुलना केली तर कुठलंही बेट महागच दिसणार. साध्या खोलीशी साधी खोली ताडून बघा. ऐन नाताळचा आठवडा सोडला तर हॅवलॉकच्या गोविंदनगर किंवा विजयनगर भागात, रस्त्याच्या आतल्या अंगाला, पंखा आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेली स्वच्छ खोली शहरातल्या तशाच खोलीपेक्षा थोडी महाग पडते, दुप्पट-तिप्पट नाही. नीलवर तर भाव बहुधा हॅवलॉकपेक्षा कमीच असतात.

आता बोटीचं भाडं धरा, जे मेसेजमध्ये कुठेच नाही. पोर्ट ब्लेअरला तळ ठोकून दोन्ही बेटं करायची तर माणशी चार वेळा बोटीत बसावं लागतं : हॅवलॉकला जाणं-येणं, नीलला जाणं-येणं. बेटांवर राहिलात तर पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, तिथून नील, नीलहून पोर्ट ब्लेअर अशा तीनच फेऱ्या होतात. खासगी जलद बोटीचं एका फेरीचं तिकीट वर्गानुसार साधारण हजार ते दोन हजारांच्या दरम्यान जातं. हिशेबासाठी तेराशे धरू. चौघांच्या कुटुंबाची एक फेरी वाचली म्हणजे 5,200 रुपये वाचले. समजा बेटांवर तीन रात्री दोन खोल्या घेतल्या आणि प्रत्येक खोलीमागे रात्रीला 500 रुपये जास्त मोजले, तर वाढीव खर्च 3,000. म्हणजे बेटांवर राहूनही 2,200 रुपये हातात उरले. पहाटे हॉटेल ते जेटी आणि संध्याकाळी जेटी ते हॉटेल अशा जादा रिक्षा यात धरलेल्याच नाहीत.

एकट्याने फिरणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे, तेही सांगायला हवं. त्याचं एकच तिकीट वाचतं आणि खोलीचा फरक एकट्यावर पडतो, त्यामुळे दोन्ही पारडी जवळपास सारखी होतात. सरकारी बोटीने गेलात तरी फरक कमी होतो, कारण तिचं भाडं खासगी बोटीच्या मानाने बरंच कमी आहे. पण ती सावकाश जाते आणि जागा मिळेलच असं नाही. ती बेटावरच्या माणसांची एसटी आहे. शाळा, दवाखाना, बाजार यासाठी ते तिच्यावर अवलंबून असतात. पर्यटकाला तिकीट मिळालं तर उत्तम, पण सगळी आखणी तिच्या भरवशावर करू नये.

‘हॅवलॉक एका दिवसात होतं’ हा दावा माझ्या मते या मेसेजमधला सगळ्यात नुकसान करणारा आहे.

अंदमान आपल्या पूर्वेला खूप दूर आहे, पण घड्याळ भारताचंच चालतं. त्यामुळे तिथे दिवस आपल्या सवयीपेक्षा फार लवकर उजाडतो आणि फार लवकर मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या आसपास सूर्योदय आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्यास्त. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे तिथे पोहोचेपर्यंत खरं वाटत नाही. आता एका दिवसाची सहल या उजेडात बसवून बघा. सकाळच्या बोटीसाठी तासभर आधी जेटीवर हजर व्हायचं, मग दीड ते अडीच तासांचा समुद्र. हॅवलॉकच्या जेटीवर सामान सावरत उतरता तोवर ऊन चढलेलं असतं. राधानगर किनारा तिथून साधारण बारा किलोमीटर, बेटाच्या पश्चिमेला. एलिफंट बीचला प्रवाळ बघायला जायचं तर पुन्हा छोटी बोट किंवा जंगलातली पायवाट, आणि त्यात अर्धा दिवस जातो. परतीच्या बोटी दुपारीच सुटतात, कारण अंधारात त्या चालवत नाहीत. म्हणजे या दोहोंपैकी एकच काहीतरी निवडायचं, तेही भर दुपारी, डोक्यावर ऊन घेऊन.

ज्या राधानगरला 2004 मध्ये ‘टाइम’ मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि 2020 मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना दिला जाणारा ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला, तो किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्याची खरी वेळ संध्याकाळची. एका दिवसाचा पाहुणा नेमका त्याच वेळी जेटीवरच्या रांगेत उभा असतो. पूर्वेच्या काळापत्थर किनाऱ्यावरचा सूर्योदय त्याला मिळत नाही, अमावास्येच्या आसपास रात्रीच्या पाण्यात दिसणारी निळसर चमक त्याच्या कानावरही पडत नाही. तिकीट, खोली, विमान सगळ्याचे पैसे भरून बेटाचे नेमके चांगले तास सोडून यायचे, हा कसला काटकसरीचा सल्ला? हॅवलॉकला दोन रात्री तरी राहा. विमानाच्या भाड्यावर जेवढा खर्च झालेला असतो त्यापुढे या दोन रात्रींचा भाव काहीच नाही.

समुद्राला लागून झोपडी घेण्याचा सल्ला ऐकायला गोड आहे, पण भूगोल लक्षात न घेता दिलेला. हॅवलॉकवरची बहुतेक परवडणारी राहण्याची ठिकाणं पूर्व किनाऱ्यावर आहेत. तिथे कुणालाही विचारा, ‘तीन नंबर’, ‘पाच नंबर’ असेच पत्ते सांगतील. किनाऱ्यांना नंबर आहेत, आणि राधानगर म्हणजे सात नंबर. पूर्वेचा हा किनारा दिसायला फार सुंदर आहे, माडांची सावली थेट पाण्यावर पडते. पण ओहोटी लागली की पाणी खूप आत जातं आणि खडक, मेलेलं प्रवाळ, चिखलट वाळू उघडी पडते. कोकणातल्या वाचकाला भरती-ओहोटी नवीन नाही, पण इथे रेतीच्या जागी धारदार प्रवाळ असतं, अनवाणी गेलात तर पाय कापतो. दारातलं पोहणं भरतीच्या वेळेपुरतं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणजे तुमच्या सुट्टीच्या दिवसांत ती पहाटे किंवा रात्रीही येऊ शकते. पोहायला शेवटी सगळे राधानगरलाच जातात. मग पहिल्या ओळीतल्या झोपडीचे जादा पैसे कशासाठी? सकाळचा चहा समुद्रासमोर घ्यायचा म्हणून देणार असाल तर जरूर द्या, पोहण्यासाठी देऊ नका.

मग राधानगरलाच का राहू नये? तिथे आलिशान रिसॉर्टं आहेत, मध्यम खिशाला परवडेल असं फार थोडं आहे, आणि संध्याकाळनंतर खायला-प्यायला पर्याय कमी. माझी पसंती गोविंदनगरच्या बाजाराजवळ, चालत जाता येईल अशा अंतरावरच्या खोलीला. याचं कारण जेवण. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना या बेटांवर वसवलं गेलं; हॅवलॉक-नीलवरची बहुतेक घरं बंगाली आहेत. बाजारातल्या छोट्या खाणावळीत गरम भात, डाळ, भाजी, मासळीचा झोल असं जेवण रिसॉर्टच्या भावाच्या कितीतरी खाली मिळतं. शाकाहारी माणसाचीही अडचण होत नाही. रिसॉर्टमध्ये आडबाजूला राहिलात तर तीन वेळा त्यांच्याच मेन्यूकार्डवर जेवावं लागतं, आणि चौघांचं चार दिवसांचं ते बिल खोलीच्या भाड्यातली सगळी बचत गिळून टाकतं. जेटीहून राधानगरला सरकारी बस जाते, स्कूटर भाड्याने मिळते. बाजाराजवळ राहिलं की दोन्ही सोपं.

खोली ठरवताना ए.सी. आहे का हे सगळे विचारतात. बेटावर वीज डिझेलवर तयार होते आणि ती जाते; म्हणून जनरेटर आहे का, आणि तो चालू असताना ए.सी. चालतो की फक्त दिवे, हे विचारा. मार्च-एप्रिलमध्ये जात असाल तर पाण्याचंही विचारा. उन्हाळ्यात गोड्या पाण्याची टंचाई पोर्ट ब्लेअरलाही चुकत नाही.

नीलबद्दल ‘दोन तास पुरेत’ असं म्हणणाऱ्याने नील बघितलंच नाही. बेट लहान आहे, चौदा चौरस किलोमीटरही नाही, पण लहान म्हणजे कमी नव्हे. सीतापूर पूर्वेला, तिथे सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, भरतपूर जेटीच्या अगदी जवळ. सायकलवर सगळं बेट होतं आणि मध्ये भाजीचे मळे लागतात, कारण अंदमानची बरीचशी भाजी इथेच पिकते. तिथला दगडी नैसर्गिक पूल, ज्याचे फोटो बघून लोक जातात, तो नीट बघायचा तर ओहोटीच हवी. दोन तासांसाठी उतरलात आणि भरती असली तर खडकांवरून तिथवर पोहोचताच येत नाही. एक रात्र राहिलात तर दिवसातून दोनदा येणाऱ्या ओहोटीपैकी एखादी उजेडात सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हातारे आई-वडील बरोबर असतील तर मी हॅवलॉकची एक रात्र कमी करून नीलला देईन. अंतरं छोटी, गर्दी कमी, चढउतार नाही.

राहिला बुकिंगचा मुद्दा. मे ते सप्टेंबरच्या पावसाळी दिवसांत एकटा तरुण पाठीवर पिशवी टाकून गेला तर जेटीवर उतरून खोली शोधणं जमतं, स्वस्तही पडतं. पण हा मेसेज वाचणारी कुटुंबं दिवाळीत आणि नाताळात जातात. तेव्हा दुर्गापूजेपासूनच बंगालमधली मंडळी येत असतात, खोल्या भरलेल्या असतात. लहान मूल, चार बॅगा आणि डोक्यावर ऊन अशा अवस्थेत जेटीबाहेरचा रिक्षावाला नेईल ती खोली घ्यावी लागते, आणि त्याचं कमिशन तुमच्याच भाड्यातून जातं. घासाघीस करायला तुमच्याकडे परत फिरण्याची मोकळीक लागते. बेटावर ती नसते. म्हणून आधी बोटीची तिकिटं, ती हातात आली की त्या तारखांच्या खोल्या, याच क्रमाने जा. उलट केलंत तर खोली हॅवलॉकला आणि तुम्ही पोर्ट ब्लेअरला असं होऊ शकतं.

पोर्ट ब्लेअरला राहूच नका असं मात्र मी म्हणत नाही, आणि तेवढ्यापुरता तो मेसेज बरोबर आहे. पहिली रात्र तिथे लागतेच. सेल्युलर जेल घाईत बघण्याची जागा नाही. बाबाराव आणि तात्याराव हे दोघे सावरकर बंधू जिथे एकाच वेळी कैदेत होते, त्या कोठड्यांसमोरून मराठी माणूस भराभर पुढे सरकूच शकत नाही. जेलच्या इमारतीच्या सात शाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. दिवसा जेल आणि संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाश कार्यक्रम असा एक पूर्ण दिवस द्या. आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्रही पोर्ट ब्लेअरलाच काढा. वारा उठला, समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, तिकिटाचे पैसे परत मिळतात पण सुटलेल्या विमानाचे मिळत नाहीत. सकाळी नीलहून निघून दुपारचं विमान पकडण्याचा बेत कुणी आखला असेल तर तो आजच बदला.