वाटी घेऊन दार वाजवणारी माणसं

गेल्या रविवारी माझी भाची घरी आली होती. तिचं एमएस संपलंय, नोकरी सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत, आणि तेवढ्या वेळात ती आणि तिचा मित्र एक जुनी व्हॅन घेऊन युटा, वायोमिंग, मोंटाना फिरणार आहेत. फोनवर फोटो दाखवत होती. मागे फळ्यांचा पलंग, त्याखाली खण, छतावर सोलर पॅनल, खिडकीला आईने पाठवलेल्या जुन्या साडीचा पडदा. मी “छान झालंय गं” म्हटलं आणि गप्प झाले. तिने दोनदा विचारलं, “मावशी, काय झालं?” तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मला गॅबी पेटिटो आठवली.

२०२१ चा गणपती आमच्या घरात तिच्या नावासकट लक्षात राहिलाय. ११ सप्टेंबरला आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं, आणि त्याच दिवशी न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तिच्या आईने पोलिसांत तक्रार दिली, मुलगी सापडत नाही. बावीस वर्षांची मुलगी. जुलैच्या सुरुवातीला ब्रायन लॉन्ड्री या तिच्या होणाऱ्या नवऱ्यासोबत पांढऱ्या फोर्ड व्हॅनमधून निघालेली. चार महिने नॅशनल पार्क्स बघत ऑरेगनला पोचायचा बेत होता. ब्रायन १ सप्टेंबरलाच फ्लोरिडात आईवडिलांच्या घरी परतला होता. व्हॅन घेऊन, एकटा. आणि तोंड उघडायला तयार नव्हता. पुढे १३ तारखेच्या सुमारास तोही घरातून निघून गेला. १९ तारखेला, अनंत चतुर्दशीला, आमचं डेन्व्हरमधलं मंडळ बाप्पाला निरोप देत होतं तेव्हा सगळ्यांचे फोन वाजायला लागले. वायोमिंगच्या ब्रिजर-टीटन जंगलात, स्प्रेड क्रीकच्या काठी एक मृतदेह सापडला होता. तो तिचाच होता. नंतर शवविच्छेदनात आलं, हाताने गळा दाबून मारलं.

त्या सहा आठवड्यांत आपण लोकांनी जे केलं, त्याविषयी मला बोलायचं आहे. ‘आपण’ म्हणते, कारण त्यात मीही होते.

ब्रायन बेपत्ता झाला आणि सगळा देश त्याला शोधायला लागला. फ्लोरिडातलं कार्लटन रिझर्व्ह पंचवीस हजार एकरांचं. दलदल, मगरी, कमरेएवढं पाणी. पोलीस तिथे कुत्रे, ड्रोन, पाणबुडे घेऊन फिरत होते आणि लोक घरी सोफ्यावर बसून त्यांच्या पुढे धावत होते. तो मेक्सिकोत पळाला. आईवडिलांनीच त्याला लपवलंय. त्याच्या घरामागे फुलांचा वाफा आहे, त्याखाली तळघर आहे, आणि हे बघा, वरून घेतलेल्या व्हिडिओत आई वाफ्यापाशी वाकून त्याला काहीतरी देतेय. तो व्हिडिओ मला रात्री एकला आला. लाल गोल काढलेला. मी तीनदा झूम करून पाहिला आणि आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर पुढे पाठवला. खाली लिहिलं, “मला तर हात दिसतोय.” मला हात दिसत नव्हता. मला तो दिसायला हवा होता.

पुढे अपालाचियन ट्रेल या पूर्व अमेरिकेतल्या लांबलचक डोंगरी पायवाटेवर तो दिसल्याची बातमी फिरली. टीव्हीवर प्रसिद्ध झालेला एक बाउंटी हंटर, म्हणजे पैशांसाठी फरारी लोकांना पकडणारा, कॅमेरे घेऊन शोधात उतरला. त्या ट्रेलवर चालणारा, दाढी आणि टक्कल असलेला एक तरुण नॉर्थ कॅरोलायनातल्या एका लॉजमध्ये झोपला होता. त्याच्या खोलीत मार्शल्स, म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस, बंदुका रोखून शिरले आणि त्याला हातकड्या घातल्या. त्याचा गुन्हा एवढाच, की कुणालातरी तो ब्रायनसारखा वाटला.

आणि ब्रायन? २० ऑक्टोबरला मायाक्काहॅची क्रीक पार्कमध्ये, त्याच्या घरापासून काही मैलांवर, त्याचे अवशेष सापडले. हाडंच उरली होती. ती जागा इतके दिवस पाण्याखाली होती. त्याने स्वतःला गोळी घातली होती. जवळच्या वहीत गॅबीच्या मृत्यूची जबाबदारी घेतली होती, हे एफबीआयने पुढच्या जानेवारीत सांगितलं. आपण नकाशावर टाचण्या टोचत होतो, तेव्हा तो पाण्यात कुजत पडलेला होता.

लोकांचा राग मला कळतो. मुलगा पोरीशिवाय परत येतो, तिची आई फोनवर फोन करते आणि त्या घरातून उत्तर येत नाही, हे ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. माझं आजही फिरतं. त्या गप्प बसण्यावरून गॅबीच्या आईवडिलांनी खटला भरला, तो २०२४ मध्ये तडजोडीने मिटला. पण त्या घरासमोर भोंगे घेऊन उभं राहणाऱ्यांचा आणि वाफ्याचा व्हिडिओ पाठवणारीचा गॅबीला काडीचाही उपयोग झाला नाही. तेव्हा मात्र आम्हाला वाटत होतं, आपण मदत करतोय.

ज्यांची खरोखर मदत झाली, ती माणसं वेगळी होती. एक कुटुंब बसचं घर करून फिरणारं. २७ ऑगस्टच्या संध्याकाळी ते स्प्रेड क्रीकच्या रस्त्याने गेले होते. फ्लोरिडाची नंबरप्लेट दिसली, आपल्या फ्लोरिडाकडची माणसं दिसतात, थांबून नमस्कार करावा असं वाटलं, पण व्हॅनमध्ये अंधार होता म्हणून पुढे गेले. तीन आठवड्यांनी त्यांनी स्वतःच्याच कॅमेऱ्यातलं चित्रण तपासलं, तर ती पांढरी व्हॅन त्यात होती. त्यांनी ते पोलिसांना दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच भागात गॅबी सापडली. एका बाईने सांगितलं, मी २९ ऑगस्टला या माणसाला ग्रँड टीटन पार्कमध्ये लिफ्ट दिली होती. यांनी तर्क लढवला नाही. आपण कुठे होतो, काय पाहिलं, कोणत्या दिवशी, एवढंच सांगितलं.

आणि सगळ्यात आधीचा तो एक माणूस. त्याच्यावर मला थांबायचंच आहे.

१२ ऑगस्ट, मोआब, युटा. एका गाडीवाल्याने रस्त्यावर पाहिलं की एक मुलगा मुलीला थपडा मारतोय. त्याने ९११ ला फोन केला, व्हॅनचं वर्णन दिलं, कोणत्या दिशेने गेली ते सांगितलं. पोलिसांनी आर्चेस पार्कच्या फाटकाजवळ व्हॅन अडवली. पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात ते सगळं आहे. गॅबी रडतेय, हुंदके देतेय, चूक माझीच म्हणतेय, मीच त्याला आधी मारलं म्हणतेय. त्याने माझा चेहरा धरला, असंही ती सांगते आणि गालाकडे हात नेते. मी वेबसाइट करतेय पण हे मला जमेल असं त्याला वाटत नाही, हेही सांगते. ब्रायनच्या अंगावर ओरखडे होते आणि तो शांतपणे, हसून बोलत होता. पोलिसांनी तिलाच मारणारी ठरवलं. एका रात्रीपुरतं दोघांना वेगळं केलं, तो मोटेलमध्ये, ती व्हॅनमध्ये, आणि प्रकरण मिटवलं. पुढे स्वतंत्र चौकशी झाली, तिच्यात अधिकाऱ्यांच्या चुका नोंदल्या गेल्या.

मी तो व्हिडिओ पूर्ण एकदाच पाहू शकले. कारण ते रडणं मला ओळखीचं होतं.

मी गिरगावात चाळीत वाढले. आमच्या मजल्यावर एका खोलीत रात्री भांडण पेटायचं. आधी भांड्यांचा आवाज, मग त्याचा, मग तिचा आवाज एकदम बंद. तो बंद झाला की माझी आजी उठायची. हातात वाटी घ्यायची, दार वाजवायची आणि म्हणायची, “विरजण आहे का गं? आमचं संपलं.” रात्री अकरा वाजता! घरात दह्याचं भांडं भरलेलं असायचं. ती वहिनी दार उघडायची, डोळे पुसत वाटीत चमचाभर दही घालायची, आणि आजी तिथेच उंबऱ्यात उभं राहून पाचदहा मिनिटं काहीबाही बोलत राहायची. तिने त्या माणसाला कधी जाब विचारला नाही. चाळीत त्याच्याविषयी कुजबुजलीही नाही. पण आपल्याला ऐकू येतं, हे त्याला दर वेळी कळवलं.

मोआबमध्ये फोन करणारा तो अनोळखी माणूस माझ्या आजीसारखा होता. त्याने दार वाजवलं. दार उघडल्यावर आत कोण बसलंय ते पोलिसांना ओळखता आलं नाही.

आता व्हॅनविषयी, कारण ती बातमी आल्यावर आमच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, “अशा भटकंतीचं असंच होतं”, “लग्नाआधी एकत्र राहिल्यावर दुसरं काय”. मला हे तेव्हाही पटलं नाही. गळा दाबणारा हात बंगल्यात असतो, फ्लॅटमध्ये असतो, मंगळसूत्र घातलेल्या गळ्याभोवतीही असतो. व्हॅनने तिला मारलं नाही. न्यू यॉर्कची नोकरी सोडून निघालेल्या एका तरुणाने २०११ मध्ये व्हॅनलाइफ हा हॅशटॅग सुरू केला, तेव्हापासून लाखो माणसं अशी राहिली आहेत. २००८ च्या मंदीत घर गमावलेली म्हातारी माणसं ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात जमतात, एकमेकांना टाकी बसवायला, तारा जोडायला मदत करतात. तिथे शेजार आहे.

पण मागच्या खिडकीतून दिसणारा डोंगर, पलंगावरची पांढरी चादर आणि कॉफीचा मग, एवढंच दाखवणाऱ्या त्या फोटोंवर माझा राग आहे. त्यात शेजार नसणं हीच चैन म्हणून विकली जाते. गॅबीची व्हॅन तर लहानशी, ट्रान्झिट कनेक्ट, आत सरळ उभंही राहता येत नाही. तेवढ्या जागेत दोन माणसं, चोवीस तास. सरकारी जमिनीवर फुकट राहता येतं, बहुतेक ठिकाणी चौदा दिवस, मग जागा बदलायची. म्हणजे तुम्हाला ओळखणारं कुणी तयार व्हायच्या आतच तुम्ही हललेले असता. फोनला रेंज नाही, याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. गॅबीच्या फोनवरून ३० ऑगस्टला आईला मेसेज गेला, योसेमिटीत (कॅलिफोर्नियातल्या पार्कमध्ये) सिग्नल नाही. तो तिनेच पाठवला का, अशी शंका घरच्यांनी पुढे घेतली. ती जिवंत आहे असं भासवण्यासाठी ब्रायननेच मेसेज पाठवले, असं एफबीआयने नंतर सांगितलं. व्हॅनलाइफ नसतं तर “सिग्नल नाही” म्हणून पडलेल्या शांततेवर कुणी विश्वास ठेवला असता का?

त्या दोघांचा यूट्यूबवरचा व्हिडिओ १९ ऑगस्टला आला. मोआबनंतर बरोबर आठवड्याने. त्यात दोघं हसतात, समुद्रावर धावतात. ती गेल्यावर लाखो लोकांनी तो पाहिला आणि प्रत्येक हसण्यात खूण शोधत बसले.

आणखी एक गोष्ट मला सोडवत नाही. त्याच ऑगस्टमध्ये मोआबजवळच्या ला साल डोंगरात दोन बायकांचा खून झाला. नुकतंच लग्न केलेलं जोडपं, तंबू टाकून राहणारं. त्यातली एक ज्या दुकानात काम करायची, त्याच दुकानाबाहेर गॅबी-ब्रायनचं भांडण झालं होतं. झालं, लोकांनी ब्रायनला त्यातही गोवलं. शेरीफने सप्टेंबरमध्येच सांगितलं, संबंध नाही. पुढच्या मे महिन्यात पोलिसांनी संशयिताचं नाव जाहीर केलं. दुसरीबरोबर काम केलेला माणूस होता, आणि तोवर त्यानेही आत्महत्या केली होती. त्या दोघींना त्यांच्या वाटचा शोकसुद्धा मिळाला नाही. त्या दुसऱ्याच कुणाच्या गोष्टीतला धागा होऊन राहिल्या. आणि ज्या वायोमिंगमध्ये गॅबीसाठी जगभरचे कॅमेरे लागले, तिथे २०११ ते २०२० या काळात ७१० आदिवासी माणसं बेपत्ता झाल्याची नोंद आहे. वायोमिंग विद्यापीठाचा तो अहवाल त्याच वर्षी जानेवारीत आला होता. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. आजही नाही.

गॅबीच्या आईवडिलांनी मात्र अंदाजांच्या मागे न जाता कायदा बदलायला घेतला. युटात २०२३ पासून आणि फ्लोरिडात २०२४ पासून घरगुती हिंसेच्या ठिकाणी गेलेल्या पोलिसांना ठरावीक प्रश्न विचारावेच लागतात. अशा प्रश्नावलीतला एक प्रश्न असतो, त्याने कधी तुमचा गळा दाबलाय का? मोआबच्या त्या रस्त्यावर तो कुणी विचारला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मी काल भाचीला फोन केला. जाऊ नकोस म्हटलं नाही. तो मुलगा चांगला आहे, मला आवडतो, हेही सांगितलं. व्हॅन कुणाच्या नावावर, दुसरी किल्ली कुणाकडे, स्वतःच्या खात्यात परतीचे पैसे आहेत का, हे विचारलं. तिने न चिडता उत्तरं दिली. मग आजीच्या वाटीची गोष्ट सांगितली. तिने ती आधी कधी ऐकलीच नव्हती. थोडा वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, “मावशी, आपण एक शब्द ठरवू या.”

ठरवला. तो इथे लिहीत नाही, पण स्वयंपाकघरातलाच आहे. तो मेसेज आला की काही विचारायचं नाही, गाडी काढायची. डेन्व्हरहून वायोमिंगमधलं जॅक्सन आठ-नऊ तासांवर आहे. टाकी भरलेली ठेवीन.